ब्रेझन म्हणजे पितळेची

माझ्या थोरल्या मावशीला तिच्या साहेबांनी परक्या पाहुण्यांसमोर इंग्रजीत शिवी दिली, आणि ती शिवी होती हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. मधली अख्खी संध्याकाळ ती त्यावर पोट धरून हसत होती. का हसत होती ते पुढं सांगते. आधी मावशी कोण, ते सांगायला हवं.

मावशी पितळेचे नळ ओतणाऱ्या कारखान्यात कामाला होती. काका ट्रकवर माल चढवायचे. एकदा पाठीत असं काही भरलं की त्यांना ओझं उचलणं कायमचं बंद झालं. त्यांनी घराखाली सायकली दुरुस्त करायला घेतल्या, पण तेवढ्यावर घर चालेना. तोवर मावशीनं घराबाहेर काम केलेलं नव्हतं. कुणीतरी सांगितलं, कारखान्यात हलक्या हाताच्या बायका हव्या आहेत. मावशी गेली.

काम गाभे करायचं. नळ आतून पोकळ असावा लागतो, नाहीतर पाणी येणार कुठून? म्हणून वितळलेलं पितळ साच्यात ओतण्याआधी मधोमध वाळूचा एक गाभा ठेवतात. कारखान्यात त्याला सगळे ‘कोर’ म्हणत. बारीक वाळूत चिकटा कालवायचा, लाकडी पेटीत ठासायचा, पेटी उघडून कोर अलगद तळहातावर घ्यायचा आणि भाजायला लावायचा. पहिल्या दिवशी मावशीच्या हातात एकही कोर टिकला नाही. तिनं शेजारणीचे हात बघितले. शेजारीण पेटी उघडण्याआधी तिच्या बुडाला बोटाच्या पेरानं टिचकी मारायची, दार वाजवल्यासारखी. मावशीनं ती टिचकी उचलली. वर्षभरात तिचे कोर असे गुळगुळीत निघायला लागले की नळाची आतली बाजू घासावीच लागत नसे. नळ तयार झाला की आतला कोर ठोकून फोडून टाकतात. “मी जन्मभर फोडायच्याच वस्तू केल्या,” असं ती म्हणायची, आणि म्हणताना तिला त्याचं काही वाईट वाटत नसे.

स्वभावानं बोलकी, हसरी, आणि एकदा बसली की बसली. माझ्या आजोबांच्या ऑपरेशनच्या वेळी इस्पितळातला कारकून रोज “उद्या या” म्हणायचा. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मावशी त्याच्या खिडकीसमोरच्या बाकावर डबा उघडून जेवायला बसली. जेवली, डबा धुऊन आली, विणकाम काढलं. भांडली नाही, आवाज चढवला नाही. नुसती त्याच्याकडे बघत विणत राहिली. दुपारनंतर त्याचाच धीर सुटला आणि त्यानं कागदावर शिक्का मारला.

आता धुराचं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आधी तांबं वितळवतात आणि जस्त शेवटी टाकतात. जस्त पडलं की मुशीतून पांढरा धूर उसळतो आणि पिंजलेल्या कापसासारखे पांढरे पुंजके हवेत तरंगायला लागतात. बघायला फार सुरेख. कोर करणाऱ्या बायकांची खोली भट्टीला लागून होती, मधे छातीइतकी भिंत. पुंजके भिंतीवरून सरळ आत यायचे आणि बायकांच्या केसांत बसायचे.

संध्याकाळी तोंडाला विचित्र गोडसर चव यायची. मग तहान, मग अशी हुडहुडी की काका तिच्यावर घरातली सगळी पांघरुणं टाकायचे. सकाळी ताप गायब, जणू काही झालंच नाही. सोमवारी सगळ्यात वाईट. गल्लीतल्या डॉक्टरांनी नीट चौकशी केली आणि सांगितलं, “हा जस्ताच्या धुराचा ताप आहे. सुट्टीच्या दिवशी शरीराची सवय मोडते, म्हणून सोमवारी जास्त. गोळी देतो, पण खरा उपाय माझ्याकडे नाही. धूर वरच्या वर ओढून घेतला पाहिजे.”

भट्टीवर धूर ओढायचं धुराडं होतं. त्यातल्या पंख्याची मोटर जळाली म्हणून पंखा दुरुस्तीला काढला होता, तो परत आलाच नव्हता. वर नुसतं पत्र्यातलं भोक उरलं होतं.

भट्टी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला सगळे भट्टीमामा म्हणत. मावशीनं त्यांना विचारलं, “मामा, तुम्हाला नाही येत ताप?”

“मला? छे! लोखंडाचा आहे मी.” मग इकडं तिकडं बघत हळूच म्हणाले, “दूध पी आणि झोप. आणि हे वर बोलू नकोस. भट्टी बंद केली तर कुठं जायचं आपण?”

मावशी वर बोललीच. मुकादमानं सांगितलं, मागणी वर पाठवलीय. “वर म्हणजे कुठं?” तिनं विचारलं, आणि जिना चढून मॅनेजरसाहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली. साहेब गोड बोलायचे. बसा म्हणायचे, पाणी द्यायचे, “बघतो, ताई” म्हणायचे. ती पुन्हा गेली, तेव्हाही बघतो म्हणाले. साहेबांचं हे बघणं चालू असतानाच टिचकी मारणारी ती शेजारीण, मुळातच दम्याची, एका सोमवारी श्वास लागून खाली बसली ती परत कामावर आली नाही. तिची टेबलावरची पेटी तशीच पडून होती. मावशी रोज ती पेटी बघायची. तिथून पुढं तिचं हसणं कमी झालं.

त्यानंतर महिन्याभरात नळ विकत घेणारे बडे परदेशी पाहुणे कारखाना बघायला यायचे होते. सगळीकडे चुना लागला, बायकांना नवे एप्रन मिळाले. आणि भट्टीमामांना सांगण्यात आलं, पाहुणे पुढं जाईपर्यंत जस्त टाकायचं नाही.

पाहुणे आले. मुशीतलं तांबं लाललाल दिसत होतं, हवा स्वच्छ होती. पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि पुढच्या दाराकडे वळले. मावशीनं हातातला कोर खाली ठेवला, हात एप्रनला पुसले आणि दारात जाऊन उभी राहिली.

“थोडं थांबा,” ती म्हणाली. “जस्त पडायचंय अजून. ते बघून जा.”

पाहुण्यांना काय कळणार? मावशीनं मग जस्ताच्या लाद्यांकडे बोट दाखवलं. मग वरच्या भोकाकडे. मग हातांनी धूर वर उसळवून दाखवला, खोकली, आणि स्वतःला मिठी मारून कुडकुडून दाखवलं. पाहुण्यांत एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी मान वर करून त्या भोकाकडे बराच वेळ पाहिलं, आणि साहेबांना काहीतरी विचारलं. साहेबांचे कान लाल झाले. ते हसून इंग्रजीत भराभर बोलले. त्यातला एकच शब्द मावशीनं पकडला: ब्रेझन. मग मुकादमानं तिचा दंड धरून तिला बाजूला घेतलं आणि पाहुणे गेले.

शेजारच्या शेडमध्ये पितळ वितळवून नळ्यांचे सांधे जोडायचं काम चाले, त्याला ब्रेझिंग म्हणत. मावशीला वाटलं, साहेब पाहुण्यांना सांगतायत, ही ब्रेझिंगवाली आहे. “इतकी वर्षं काम करतेय आणि साहेबांना मी कुठल्या शेडची तेसुद्धा माहीत नाही!” असं म्हणत ती संध्याकाळभर हसत होती. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून काकाही हसले.

दुसऱ्या दिवशी तिला फाटकावरच अडवलं. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. आरोप, पाहुण्यांसमोर निर्लज्ज वर्तन. ऑफिसातला टंकलेखक जरा ओशाळून म्हणाला, “काल साहेब तुम्हाला तेच म्हणाले ना, ताई. ब्रेझन. म्हणजे बेशरम.”

मावशी फाटकावरून थेट आमच्या घरी आली. मी तेव्हा कॉलेजात होते, इंग्रजी शिकत होते. चप्पल काढता काढताच तिनं विचारलं, “ब्रेझन म्हणजे नक्की काय गं?”

मी अडखळले. “निर्लज्ज. म्हणजे... कोडगी. पण तुला कुणी...”

मला वाटलं, आता रडणार. ती चटईवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “मग ब्रेझिंगचा त्याच्याशी काय संबंध?”

“मला नाही माहीत, मावशी.”

“मग शोध की. शिवी खायचीच आहे तर नीट चावून तरी खाऊ.”

मी शब्दकोश काढला. ब्रेझन. पहिला अर्थ निर्लज्ज. खाली, बारीक अक्षरात, दुसरा अर्थ होता: पितळेचा. मी तो मोठ्यानं वाचला. “पितळ बेशरम कसं झालं?” मावशीनं विचारलं.

पुढचं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. त्याच दिवशी मी तिला आमच्या इंग्रजीच्या प्राध्यापिकांकडे घेऊन गेले. बाई एकट्या राहत, घरात खुर्च्यांवरसुद्धा पुस्तकं. त्यांनी एका खुर्चीवरचा ढीग जमिनीवर ठेवून मावशीला बसायला जागा केली. मावशीनं त्यांना सगळं सांगितलं, कुडकुडून दाखवलं तेही. बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. मग चष्मा पुसला.

“शब्द फार जुना आहे,” त्या म्हणाल्या. “इंग्रजीत पितळेला ब्रास म्हणतात. लाकडाचा तो वुडन, सोन्याचा तो गोल्डन, तसा पितळेचा तो ब्रेझन. सुरुवातीला एवढाच अर्थ. पितळेचं भांडं, पितळेचं दार. मग पितळेची तुतारी जशी कानात घुसते, तशा कर्कश आवाजालाही ब्रेझन म्हणायला लागले.”

“आणि बेशरम कधी झाला?”

“चारएकशे वर्षांपूर्वी. लोक म्हणायला लागले, अमक्याचं तोंड पितळेचं आहे. आपल्याला लाज वाटली की चेहऱ्यावर रक्त चढतं, तो लाल होतो. पितळेच्या तोंडावर रक्त कुठून चढणार? ते ओतलं तसंच राहतं. म्हणून ज्याला लाज नाही तो ब्रेझन. पुढं पुढं पितळ मागं पडलं आणि नुसती बेशरमी उरली. आज हा शब्द वापरणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना पितळ आठवतही नाही.”

“आणि ब्रेझिंग?”

“ते बहुधा वेगळ्या घरातलं. फ्रेंचमधल्या निखाऱ्यांच्या शब्दावरून आलं असावं म्हणतात. नाव सारखं आहे एवढंच, नातं लागत नाही. याबद्दल मात्र मी छातीठोक सांगणार नाही.”

मावशी विचार करत होती. “आपल्याकडे पितळ उघडं पडतं,” ती म्हणाली. “म्हणजे वर सोन्याचा मुलामा, आत पितळ. सोंग घेतलेलं. त्यांचं पितळ सोंग नाही घेत का?”

बाईंना हे इतकं आवडलं की त्या उठून उभ्याच राहिल्या. “नाही! आपलं पितळ लपतं आणि पकडलं जातं. त्यांचं पितळ लपतच नाही, हीच त्यांची तक्रार आहे. म्हणून त्या शब्दात धीटपणाही आहे, बरं का. लोक सगळे विरोधात असताना मान खाली न घालता निभावून नेणं, त्यालासुद्धा इंग्रजीत हाच शब्द लावतात. कौतुकानं नाही लावत, पण लावतात.”

मावशी म्हणाली, “माझं तोंड काल लाल नाही झालं, हे खरंय. साहेबांचे कान झाले होते.”

मावशीच्या घरी वातावरण वेगळं होतं. काका म्हणाले, “माफी मागून मोकळी हो. ती मोठी माणसं.” काकांची बहीण मुद्दाम आली आणि म्हणाली, “चार लोकांत तोंड वर करून बोललीस. आमच्या घरात असं कुणी केलं नव्हतं.” मावशी भाजी चिरत होती. ती म्हणाली, “वन्सं, तुमच्या भावाला दर सोमवारी माझ्यावर पांघरुणं टाकावी लागतात. एका सोमवारी तुम्ही येऊन टाका. मग बोलू.” वन्सं चहा न घेता गेल्या. काका बराच वेळ सायकलच्या चाकाची तार उगाच पिळत बसले. मग आत येऊन म्हणाले, “जा तू. काय सांगायचं ते सांग. इथलं मी बघतो.”

चौकशी साहेबांच्या शेजारच्या खोलीत झाली. साहेब, कंपनीचे वकील आणि युनियनचा एक माणूस. मावशीच्या बाजूनं घरातलं कुणीतरी चालेल म्हणाले, म्हणून मी गेले. वकिलांनी तयार माफीपत्र पुढं सरकवलं आणि वाचून दाखवलं. माझं वर्तन निर्लज्ज होतं, मला त्याची लाज वाटते, वगैरे.

“यातलं अर्धं मान्य आहे,” मावशी म्हणाली. “कामाची जागा सोडली, पाहुण्यांची वाट अडवली. ते चुकलं, त्याची माफी मागते. पण लाज वाटते असं नाही लिहून देणार.”

“का?”

“नाही वाटत म्हणून. खोटं कसं लिहू?”

वकील हसले. “म्हणजे तुम्ही निर्लज्ज आहात हे तुम्हीच कबूल करताय.”

“या बाबतीत आहे,” मावशी म्हणाली. “साहेबांचा शब्द बरोबरच होता. मी विचारून आले. ब्रेझन म्हणजे पितळेची. आता इतकी वर्षं पितळेचा धूर खाल्ल्यावर मी दुसऱ्या कशाची होणार?”

युनियनच्या माणसानं हसू दाबायला रुमाल काढला. साहेब टेबलाकडे बघत होते.

मग कंपनीनं आपला साक्षीदार बोलावला. भट्टीमामा. ते टोपी हातात चुरगाळत आत आले. मावशीकडे त्यांनी पाहिलं नाही.

“ही बाई त्या दिवशी आपली जागा सोडून दारात गेली, हे तुम्ही पाहिलं?” वकिलांनी विचारलं.

“पाहिलं.”

“ठीक आहे. जा तुम्ही.”

मामा गेले नाहीत. तिथंच उभे राहिले. “मला पुढचं विचारा की,” ते म्हणाले.

“पुढचं काय?”

“ताप येतो का, ते.”

कुणीच विचारलं नाही. मामांनी टोपी डोक्यावर घातली, जणू आता परवानगीची गरज उरली नव्हती. “मला येतो ताप. दर सोमवारी येतो. घरात सांगत नाही, इथं सांगत नाही. हिनं विचारलं तेव्हा मी लोखंडाचा आहे म्हणून सांगितलं. खोटं सांगितलं. शेजारच्या टेबलावरची ती बाई श्वास लागून खाली बसली, तेव्हा जस्त मीच टाकलं होतं. ही म्हणते ते खरं आहे. पंखा पाहिजे.” एवढं बोलून ते मावशीकडे वळले आणि म्हणाले, “माझं पहिल्यापासून चुकलं, पोरी.”

मावशीचे डोळे तेव्हा भरून आले. त्या सगळ्या प्रकरणात मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

निकाल लगेच लागला नाही. ते आठवडे घरात ओढाताणीचे गेले. मावशी शेजारपाजारचे कपडे शिवत होती आणि मुद्दाम रोज कारखान्याच्या वेळेलाच उठत होती, सवय मोडायला नको म्हणून. शेवटी तिला कामावर घेतलं. माफीपत्रातला निर्लज्ज हा शब्द आणि लाजेचं वाक्य काढून टाकलं होतं, जागा सोडल्याची ताकीद तेवढी राहिली. मावशीनं सही करण्याआधी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

आणि पंखा आला. त्या पिकल्या केसांच्या पाहुण्या बाईंनी म्हणे साहेबांना सांगितलं होतं, पुढच्या खेपेला मला ते धुराडं चालू दिसलं पाहिजे. त्यामुळं आला, की मामांच्या बोलण्यानं आला, की दोन्हींमुळं, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मावशीलाही ते जाणून घ्यायचं नव्हतं. “आला ना? बस,” ती म्हणायची. साहेबांनी तिला परत कधी बसा म्हटलं नाही की पाणी दिलं नाही. पण पंखा बिघडला तर आता त्याच दिवशी माणूस येत होता.

पंखा लागल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी भट्टीमामा आपल्या घराच्या पायरीवर घोंगडी घेऊन बसले होते, असं त्यांच्या सुनेनं नंतर सांगितलं. हुडहुडी भरायची वाट बघत होते. अंधार पडला, जेवणाची हाक आली, तरी हुडहुडी आली नाही. मामा घोंगडी तशीच घडी करून आत गेले आणि ती मांडीवर घेऊनच जेवायला बसले. वर्षानुवर्षांचं दुखणं असं न सांगता निघून गेलं, तेव्हा माणसानं काय करायचं असतं हे त्यांना ठाऊक नसावं. मावशीनं दम्याच्या शेजारणीकडेही निरोप धाडला होता. ती काही परत आली नाही. तिचा श्वास घरी बसूनही पुरता सुधारला नाही, आणि मावशीला ते शेवटपर्यंत सलत राहिलं.

पुढं कोरच्या खोलीत नव्या बायकांना शिकवायचं काम मावशीकडे आलं. मी एकदा तिचा विसरलेला चष्मा द्यायला गेले, तेव्हा ती नव्या तुकडीला शिकवत होती. मला वाटलं पेटी आणि वाळूपासून सुरुवात असेल. पण ती सगळ्यांना घेऊन आधी धुराड्यापाशी गेली. तिनं कमरेला खोचलेलं शिवणदोऱ्याचं रीळ काढलं, एक लांब धागा तोडला आणि धुराड्याच्या तोंडाशी धरला. धागा ताठ होऊन आत ओढला गेला.

“रोज सकाळी आधी हे,” ती म्हणाली. “धागा आत ओढला गेला तर काम सुरू. नुसता लोंबकळला तर हात एप्रनला पुसायचे आणि जिना चढायचा.”

“तुम्हाला बोलवायला येऊ ना, ताई?” एकीनं विचारलं.

“मला कशाला?” मावशीनं धाग्याचं टोक तिच्या हातात दिलं. “तुला तोंड आहे ना? तू जायचं.”